फोन एकानं केला, देश दुसऱ्याला सोडावा लागला : सुभाष गुप्तेंची गोष्ट



अंतरवाली सराटी म्हणलं की आता महाराष्ट्रात कुणालाच पत्ता सांगावा लागत नाही. कशामुळं, ते तुम्हाला माहीत आहे. आजची पोस्ट त्या विषयावर नाही. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं शेवटपर्यंत वाचा.

परवा गावात पोरांच्या घोळक्यात बसलो होतो. विषय रोनाल्डोचा निघाला. एक जण म्हणला, एवढा युरोप गाजवलेला माणूस, २०२२ साल संपता संपता सौदीच्या अल नस्र क्लबात गेला, पैशासाठीच की! दुसरा म्हणला, गेला तर गेला, पोट प्रत्येकाला आहे. मग तिसऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "काका, आपल्याकडचं कुणी गेलंय का असं, दुसऱ्या देशात खेळायला? आयपीएलला तर सगळे इकडंच येतात."

मी म्हणलं, गेलंय. सुभाष गुप्ते.

एकालाही नाव माहीत नव्हतं. त्यात पोरांची चूक नाही. त्यांच्या बापांनाही माहीत नसेल. तेंडुलकर माहीत, गावसकर माहीत, वाडेकर काहींना माहीत. गुप्ते मात्र मधल्या मधे गळून पडले. ते कसे गळाले, तीच आजची गोष्ट आहे.

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते. जन्म ११ डिसेंबर १९२९, मुंबई. मध्यमवर्गीय मराठी घरातला पोरगा. बुटका, किरकोळ अंगाचा. पण मनगट असं की चेंडू हातातून सुटला की बॅट्समनला कळायचं नाही आता हा कुठं वळणार. ते लेगस्पिन टाकायचे. ज्यांना क्रिकेटचं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेगस्पिनमध्ये चेंडू बोटांपेक्षा मनगटानं जास्त फिरवावा लागतो. उजव्या हाताच्या बॅट्समनच्या पायाच्या बाजूनं टप्पा पडून तो बाहेर, ऑफच्या दिशेनं जातो. आणि त्याच हातानं, जवळपास त्याच ॲक्शननं टाकलेला गुगली उलटा आत येतो. गुप्तेंकडं तर दोन तऱ्हेचे गुगली होते म्हणतात. ही कला शिकायला वर्षं जातात आणि निम्म्यांना ती शेवटपर्यंत जमत नाही. फार फटके बसतात, कॅप्टनचा विश्वास उडतो आणि पोरगं लेगस्पिन सोडून सरळ टाकायला लागतं. गुप्तेंनी सोडलं नाही.

१९५१ च्या डिसेंबरअखेर कलकत्त्यात इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

खरं नाव झालं ते १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर. तेव्हा वेस्ट इंडिजकडं वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट असे तीन महान बॅट्समन होते. तिघांची आडनावं इंग्रजीत 'डब्ल्यू'नं सुरू होतात म्हणून त्यांना थ्री डब्ल्यूज म्हणायचे. सपाट खेळपट्ट्या, समोर हे तिघं, आणि आपला तेवीस वर्षांचा पोरगा दिवसभर बॉलिंग टाकतोय. पहिल्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, त्यांनी एका डावात ७ बळी घेतले. किंग्स्टनच्या शेवटच्या कसोटीत तिघाही डब्ल्यूंनी शतकं ठोकली, वॉरेलनं तर २३७ केले, तरी गुप्तेंच्या नावावर ५ बळी होतेच. पूर्ण मालिकेत २७ बळी. त्रिनिदादमध्ये विल्फ फर्ग्युसन नावाचा लेगस्पिनर होता. त्याच्यावरून तिथल्या लोकांनी यांचं नाव 'फर्गी' ठेवलं आणि ते जन्मभर चिकटलं.

त्याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांची कॅरोल यांच्याशी ओळख झाली. पुढं लग्नही झालं. म्हणजे ज्या बेटावर नाव झालं, तीच सासुरवाडी झाली.

हे त्रिनिदाद काय आहे, तेही थोडं सांगतो, कारण आपल्या अंबड तालुक्याच्या माणसाला ते लवकर कळेल. आपल्याकडं समर्थ कारखान्याचा भोंगा वाजला की बैलगाड्या, ट्रॅक्टर, कोयते, टोळ्या सगळं हलायला लागतं. त्रिनिदादही उसाचं बेट. गुलामगिरी बंद झाल्यावर इंग्रज मळेवाल्यांना मजूर मिळेनात, म्हणून भारतातून करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली. तेच गिरमिटिये. पहिलं जहाज, फतेल रझाक, ३० मे १८४५ रोजी तिथं लागलं आणि ही भरती १९१७ पर्यंत चालली. बहुतेक माणसं आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडची. आपल्याकडचा ऊसतोड कामगार निदान पट्टा पडल्यावर घरी येतो. त्यांच्यातले बहुतेक आलेच नाहीत. त्यांच्याच पुढच्या पिढीतला सॉनी रामाधीन वेस्ट इंडिजकडून खेळला आणि १९५० साली इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवण्यात त्याच्या फिरकीचा मोठा वाटा होता. हा रामाधीन पुढं इंग्लंडात लँकेशायरकडं स्थायिक झाला. आणि आपले गुप्ते त्रिनिदादचे झाले. माणसं अशी पाण्यासारखी असतात, उतार मिळेल तिकडं जातात.

आता 'बाहेर खेळायला जाणं' कसं होतं ते बघा.

त्या काळी भारतीय क्रिकेटपटूला कसोटीचं मानधन किती? जुने खेळाडू अडीचशे रुपये सांगतात. मॅच पाच दिवसांची, वर्षातून मॅच मोजक्या. त्यावर घर चालायचं नाही. चालवायचं तर नोकरी नाहीतर इंग्लंडची लीग. लँकेशायर ही कापडगिरण्यांची भूमी. तिथल्या छोट्या छोट्या गिरणगावांचे क्लब मिळून लँकेशायर लीग खेळायचे. नियम असा की संघात बाकी सगळे गावचे हौशी खेळाडू, गिरणीतले, दुकानातले, आणि पगारी खेळाडू फक्त एक. तो 'प्रो'. शनिवारी मॅच, आठवड्यात गावातल्या पोरांना शिकवणं. प्रोनं पन्नास रन काढले किंवा पाच विकेट घेतल्या की मैदानात डबा फिरायचा आणि लोक आपल्या आठवड्याच्या पगारातून चिल्लर टाकायचे. आपल्याकडं कुस्तीच्या फडात पैलवानासाठी फेटा फिरवतात ना, तसंच.

तिथल्या नेल्सन क्लबाकडून त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टंटाइन खेळला, जो पुढं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा पहिला कृष्णवर्णीय सदस्य झाला. आपले विजय हजारे रॉटेनस्टॉलकडून खेळले. विनू मंकड हॅस्लिंग्डेनकडून. मंकडांची तर वेगळीच गंमत. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात आपली जागा पक्की आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. बोर्डानं शब्द दिला नाही, म्हणून ते लीगचा करार करून मोकळे झाले. मग पहिली कसोटी हरल्यावर भारताला हॅस्लिंग्डेन क्लबाकडं हात पसरून मंकड मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ रन केले आणि पाच विकेटही घेतल्या. एका गिरणगावाच्या क्लबानं सोडला म्हणून भारताला आपला सगळ्यात मोठा खेळाडू मिळाला!

गुप्ते १९५० च्या दशकात रिश्टन क्लबाचे प्रो झाले. हेच ते रिश्टन जिथं कितीतरी वर्षांनी, १९८७ साली, व्हिव्ह रिचर्ड्स खेळून गेला. उन्हाळ्यात रिश्टन आणि हिवाळ्यात भारत असा त्यांचा फेरा सुरू झाला. देशातही एका जागी राहिले नाहीत. मुंबई, बंगाल, राजस्थान अशा तीन संघांकडून रणजी खेळले. जिथं खेळायला आणि पोटाला मिळेल तिकडं.

म्हणून पोरांनो, रोनाल्डोला नावं ठेवण्याआधी हे आठवा. पैशासाठी देश बदलून खेळणं आजचं नाही. फरक एवढाच की रोनाल्डो श्रीमंत असून गेला आणि आपली माणसं चूल पेटावी म्हणून गेली.

आणि या सगळ्या धावपळीत गुप्ते भारतासाठी काय करत होते? १९५४-५५ च्या मोसमात मुंबईकडून खेळताना पाकिस्तानच्या एका संघाविरुद्ध त्यांनी एकाच डावात दहाच्या दहा बळी घेतले. प्रथम श्रेणीत असं करणारे ते पहिले भारतीय. १९५५-५६ ला न्यूझीलंड आलं, त्या मालिकेत ३४ बळी. हा भारतीय विक्रम मोडायला चंद्रशेखरला १९७२-७३ साल उजाडलं, आणि तोही ३५ वर, म्हणजे एकानंच.

डिसेंबर १९५८, कानपूर. परत वेस्ट इंडिज. गुप्तेंनी पहिल्या डावात १०२ रन देऊन ९ बळी घेतले. दहावाही मिळाला असता. लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन तम्हाणेंच्या हातून सुटला आणि गिब्जची विकेट शेवटी वसंत रांजणेंनी काढली. कसोटीच्या एका डावात ९ बळी घेणारे गुप्ते पहिले भारतीय. बरं, एवढं करून मॅच? हरली. दुसऱ्या डावात सोबर्सनं १९८ मारले आणि आपण २०३ रननं पडलो. त्या एका मालिकेत भारताचे चार कॅप्टन झाले. घरच कारभाऱ्याविना असलं की एका गड्यानं किती राबायचं?

गॅरी सोबर्स मात्र हे विसरला नाही. पुढं जगानं शेन वॉर्नला डोक्यावर घेतलं तेव्हाही आपण पाहिलेला सर्वात चांगला लेगस्पिनर गुप्तेच, असं तो जाहीर सांगत राहिला. सोबर्सचं सर्टिफिकेट आहे, आपलं तुपलं नाही.

आता डिसेंबर १९६१ कडं या.

इंग्लंडचा संघ भारतात होता. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत गुप्तेंनी ९० रनमध्ये ५ बळी घेतले आणि भारतानं आयुष्यात पहिल्यांदा इंग्लंडला फॉलोऑन दिला. तिसरी कसोटी दिल्लीला. संघ इंपीरियल हॉटेलात उतरलेला. गुप्ते आणि ए. जी. कृपाल सिंग एका खोलीत. गुप्तेंनी नंतर सांगितलेली हकिगत अशी की कृपाल सिंग यांनी खोलीतल्या फोनवरून हॉटेलच्या रिसेप्शनिस्ट बाईंना ड्रिंक घ्यायला येता का, असं विचारलं. बाईंनी संघाच्या मॅनेजरकडं तक्रार केली. चौकशी निघाली आणि खोलीतल्या दोघांवरही बडगा आला. गुप्तेंचं म्हणणं, फोन मी केला नाही, माझा त्यात संबंध नाही. त्यांना विचारलं गेलं, मग तू त्याला थांबवलं का नाहीस? आता मोठ्या, धिप्पाड माणसाला तो फोन उचलत असताना दुसऱ्यानं थांबवायचं कसं, हा गुप्तेंचा साधा सवाल होता. तो कुणी ऐकला नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी घसरेल. तक्रार करणाऱ्या बाईंची यात काडीचीही चूक नव्हती. आपलं काम करणाऱ्या बाईला असला फोन येणं हा त्रासच आहे, आणि तिनं तक्रार केली हे बरोबरच केलं. तक्रार गांभीर्यानं घ्यायलाच पाहिजे होती. पण गांभीर्यानं घेणं म्हणजे काय? फोन कुणी केला हे शोधणं. इथं शोधलं काय, तर खोली कुणाची होती!

गुप्ते पुढच्या कसोटीतून बाहेर. ती कसोटी कलकत्त्याला होती, १९६१ च्या डिसेंबरअखेर. दहा वर्षांपूर्वी ज्या शहरात, ज्या इंग्लंडविरुद्ध, त्याच दिवसांत ते पहिली कसोटी खेळले होते, तिथंच त्यांच्याशिवाय संघ उतरला. भारत ती कसोटी जिंकला, मद्रासची जिंकला आणि इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदाच मालिका जिंकला. फोटोत गुप्ते नाहीत.

लगेच संघ वेस्ट इंडिजला निघाला. गुप्तेंचं नाव यादीत नव्हतं. ज्या बेटांवर त्यांचं नाव झालं, जिथं त्यांची सासुरवाडी, जिथल्या बॅट्समनना त्यांची खरी किंमत माहीत, तिथंच नाही. तो दौरा भारत ५-० नं हरला. बार्बाडोसला ग्रिफिथच्या बॉलनं कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली आणि एकवीस वर्षांच्या पतौडीवर कॅप्टनपद आलं. गुप्ते असते तर दौरा जिंकला असता, असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलायचं? पण आपला सगळ्यात चांगला गोलंदाज घरी ठेवून आपण गेलो होतो, एवढं खरं.

गुप्ते तेव्हा फक्त ३२ वर्षांचे होते. लेगस्पिनर तिशीनंतरच पिकतो. अनिल कुंबळे ३८ व्या वर्षापर्यंत खेळला. गुप्तेंची कारकीर्द ३६ कसोटी, १४९ बळींवर थांबली. दीडशेला एक कमी. तो एक बळी घ्यायला त्यांना परत बोलावलंच नाही.

ते बायकोच्या मुलखात, त्रिनिदादला निघून गेले. तिथं नोकरी केली, संसार केला, त्रिनिदादकडूनही प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. तिथल्या पोरांना शिकवलं. लीग खेळायला ते पोटासाठी गेले होते, परत यायच्या बोलीवर. या वेळचं जाणं निराळं होतं. इथं दार लागलं म्हणून ते गेले.

आणि कृपाल सिंग? ते नंतर भारताकडून परत कसोटी खेळले. त्यांच्यावर माझा राग नाही, खेळाडू म्हणून त्यांनाही दुसरी संधी मिळाली ते चांगलंच झालं. प्रश्न एवढाच आहे की ज्यांनी फोन केला त्यांना संधी मिळते आणि जे खोलीत बसले होते त्यांना मिळत नाही, हा कुठला न्याय?

२००० सालचा सी. के. नायडू पुरस्कार बोर्डानं गुप्तेंना दिला. सन्मान झाला, पण जवळपास चाळीस वर्षांनी. शरीर थकलेलं. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला ते गेले. भारतीय संघ तेव्हा वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावरच होता. पहिलं गिरमिटिया जहाज लागलं ती ३० मे, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही तारीख. योगायोग आहे, त्याहून जास्त काही नाही. पण त्या बेटानं सामावून घेतलेल्या भारतीय माणसांत एक मुंबईचा मराठी लेगस्पिनरही आहे, हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

आता म्हणाल, एवढं जुनं उकरून काय मिळवलं? माझा एक अनुभव सांगतो.

मी शाळेत असताना व्हॉलीबॉल खेळायचो. बरा होतो, फार नाही. एका स्पर्धेसाठी आम्ही बाहेरगावी एका शाळेच्या वर्गखोलीत मुक्कामाला होतो. रात्री कुणीतरी खिडकीची काच फोडली. कुणी फोडली ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि सरांनाही अंदाज होता. पण त्याच्या घरचं वजन होतं. सकाळी निर्णय झाला की त्या खोलीतली पाचही पोरं घरी जातील. त्या पाचांत आमचा सगळ्यात चांगला खेळाडू होता. रात्रभर गाढ झोपलेला. एसटीच्या खिडकीशी बसून तो एवढंच म्हणला, "मी तर झोपलो होतो राव." नंतर त्यानं बॉल हातात घेतला नाही. काच फोडणारा पुढच्या वर्षी कॅप्टन झाला. आणि मी? मला सगळं माहीत होतं, मी तोंड उघडलं नाही. पुढं पत्रकार झालो, दुसऱ्यांच्या न बोलण्यावर बातम्या लिहितो, पण ती सकाळ अजून टोचते.

गुप्तेंच्या वेळीही संघात कुणाला काही माहीत नसेल, असं मला वाटत नाही. पण निवड ज्यांच्या हातात असते त्यांच्यासमोर बोलायचं कोण?

आपल्या भागातून आता पोरं पुढं चाललीत. जालन्याच्या विजय झोलनं २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. शेजारच्या बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या त्याच स्पर्धेत सेमीफायनलला ९६ मारून भारताला फायनलला नेलं. बीडचाच अविनाश साबळे ऑलिंपिकपर्यंत धावला. ही पोरं दुष्काळी भागातून, बापाच्या घामावर वर आली. गावागावात अशी अजून असतील. त्यांना मैदान पाहिजे, कोच पाहिजे, बूट पाहिजेत, हे आपण नेहमी बोलतो. पण एक गोष्ट बिनखर्चाची आहे. पोरगं संघातून काढलं तर का काढलं ते कागदावर लिहून द्या. तक्रार असेल तर त्याचं म्हणणं ऐका. त्याच्या बापाला सांगा. एकाची चूक खोलीभर वाटू नका. याला निधी लागत नाही, मंत्र्याची सही लागत नाही.

माणूस बाहेर जातो याचं दुःख नसावं. गुप्ते रिश्टनला गेले, मान मिळवला, पोट भरलं, चांगलंच झालं. उद्या आपलं एखादं पोरगं इंग्लंडच्या लीगमध्ये खेळायला निघालं तर हलगी लावून वेशीपर्यंत सोडायला जाऊ. पण इथं ऐकून घेतलं नाही म्हणून एखाद्याला जावं लागलं, तर ते आपलं नुकसान आहे, आणि ते चाळीस वर्षांनी पुरस्कार देऊन भरत नाही.

त्या तिसऱ्या पोराला मी हे सगळं सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणला, "काका, मग तो दीडशेवा बळी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तुमच्या शाळेत, तालुक्यात असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर खाली लिहा. नावं कुणाचीच घेऊ नका, घडलं काय तेवढंच सांगा. आणि घरातल्या पोरांना आज रात्री सुभाष गुप्ते हे नाव तरी सांगा.